पेंटबॉल मार्करचा रेग्युलेटर: बसवणे, दाब लावणे आणि बिघाड शोधणे

घरच्या गॅस सिलिंडरमध्ये पाच-सात किलोचा दाब असतो. शेगडीपर्यंत पोचेपर्यंत रेग्युलेटर तो जेमतेम ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरवर आणतो. सिलिंडर भरलेला असो वा संपत आलेला, ज्योत सारखीच राहते. पेंटबॉल मार्करच्या, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुकीच्या, रेग्युलेटरचं कामही हेच आहे, फक्त आकडे अंगावर येणारे आहेत: टाकीत ३००० किंवा ४५०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), आणि मार्करला हवेत कुठे १४०, कुठे ४००, कुठे ८००. गाडीच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय असतो हे लक्षात घेतलं की या लहानशा भांड्यावर काय भार येतो ते कळेल.

नवे खेळाडू रेग्युलेटरचा स्क्रू म्हणजे ‘वेग वाढवायचा कान’ समजतात आणि तिथेच चुकतात. रेग्युलेटर मुळात गोळी जास्त जोरात मारण्यासाठी नसतो. दहावी गोळी पहिलीसारखीच जावी, एवढ्यासाठी तो असतो. मैदानावर वेगाची मर्यादा साधारण २८० ते ३०० फूट प्रति सेकंद, म्हणजे एफपीएस, असते. ३०० एफपीएस म्हणजे ताशी जवळपास ३३० किलोमीटर. .६८ कॅलिबरची, सुमारे ३ ग्रॅमची गोळी या वेगाला १२ जूलच्या आसपास ऊर्जा घेऊन जाते. अंगावर वळ उठतो, डोळा मात्र जातो. म्हणून पुढचं सगळं काम मास्क घालूनच करायचं, आणि तो मास्क एएसटीएम एफ१७७६ या मानकाचा हवा. दुचाकीचं हेल्मेट किंवा कारखान्यातला गॉगल चालणार नाही.

तुमच्या मार्करला वेगळा रेग्युलेटर हवा का?

टिपमन ९८ किंवा स्पायडरसारखे ब्लोबॅक मार्कर (सुटलेल्या गॅसच्या जोरावर पुढच्या गोळीसाठी आपोआप तयार होणारे) टाकीतून आलेल्या सुमारे ८०० पीएसआयवर थेट चालतात. कार्बन डायऑक्साइडवर खेळत असाल तर त्यांना इनलाइन (टाकी आणि मार्कर यांच्या मधे बसणाऱ्या) रेग्युलेटरचा खरा उपयोग होतो, कारण त्या गॅसचा दाब हवामानाप्रमाणे हलतो. पण हाय प्रेशर हवेची टाकी असेल, तर तिच्या मानेवर आधीच एक रेग्युलेटर बसलेला असतो. अशा वेळी टिपमनवर दुसरा रेग्युलेटर चढवण्यात पैसे घालण्याऐवजी चांगली बॅरल आणि ताज्या गोळ्या घ्या. फरक जास्त दिसेल.

ऑटोकॉकर आणि कॉकरच्याच रचनेचे पंप मार्कर यांची गोष्ट वेगळी. त्यांना २५० ते ४५० पीएसआयच्या पट्ट्यातला स्थिर दाब लागतो, म्हणून इनलाइन रेग्युलेटर हवाच. डायचा डीएम, प्लॅनेट एक्लिप्सचा जीटेक अशा स्पूल मार्करमध्ये (यांत सरकता दांडाच गॅस सोडतो) रेग्युलेटर मूळचाच असतो आणि दाब १३५ ते १५०च्या घरात राहतो. तो बदलायची सहसा गरज पडत नाही, सांभाळायची पडते.

दोन रेग्युलेटर एकामागे एक असतील तर पहिल्याचा दाब दुसऱ्यापेक्षा निदान १०० ते १५० पीएसआयने जास्त ठेवा. ऑटोकॉकर ४०० वर लावलाय आणि टाकी ३०० वाली ‘सुपर लो प्रेशर’ आहे, अशी जोडी हमखास दिसते. मग मार्करचा स्क्रू कितीही आवळा, गेजचा काटा ३०० पुढे सरकत नाही आणि दोष बिचाऱ्या रेग्युलेटरला जातो. टाकीवर छोटं गोल गेज असतं ते टाकीतला साठा दाखवतं, बाहेर पडणारा दाब नव्हे. हा गोंधळ इतका सर्रास आहे की खरेदी करताना टाकीचा आउटपुट विचारून घेतलेला बरा.

आत काय चालतं

तीन भाग ओळखता आले की पुरे. एका टोकाला मुख्य स्प्रिंग (बहुतेक वेळा बशीच्या आकाराच्या चकत्यांची थप्पी), मधे पिस्टन आणि दुसऱ्या टोकाला सीट, म्हणजे गॅसची वाट बंद करणारा मऊ सील. स्प्रिंग पिस्टनला ढकलून वाट उघडी ठेवते. गॅस आत येतो, बाहेरच्या बाजूचा दाब वाढतो, तो पिस्टनला उलट ढकलतो. दोन्ही जोर बरोबरीत आले की सीट बंद होते. गोळी सुटली की दाब पडतो, वाट पुन्हा उघडते. पिस्टनचं तोंड एक चौरस सेंटिमीटर असेल आणि दाब ३० बार, म्हणजे सुमारे ४३५ पीएसआय, ठेवायचा असेल तर स्प्रिंगला साधारण ३० किलोचा जोर पेलावा लागतो. बॉलपेनची स्प्रिंग इथे का चालत नाही आणि चकत्यांची थप्पी का लागते ते यावरून समजेल. स्क्रू फिरवून तुम्ही फक्त हा जोर कमी-जास्त करता.

बिघाड समजायला हे चित्र पुरेसं आहे. सीटवर धुळीचा कण बसला तर वाट पूर्ण बंद होत नाही आणि दाब हळूहळू चढतो. पिस्टनची ओ-रिंग (गोल कड्यासारखा सील) कोरडी पडली तर पिस्टन अडखळतो आणि प्रत्येक गोळीचा वेग वेगळा येतो. आतली जाळी तुंबली तर पुन्हा भरायला वेळ लागतो आणि भराभर मारताना वेग पडत जातो.

गॅस: कार्बन डायऑक्साइड की हवा

कार्बन डायऑक्साइड टाकीत द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमान ठरवतं. ० अंशाला सुमारे ४९० पीएसआय, १० अंशाला ६४०, २० ला ८१५, ३० ला हजाराच्या वर. महाबळेश्वरची जानेवारीतली सकाळ आणि नागपूरची मार्चमधली दुपार यांत एकाच टाकीचा दाब जवळजवळ दुपटीने बदलू शकतो. ३१ अंशांच्या वर तर आत द्रव उरतच नाही. मग दाब टाकी किती भरली आहे त्यावर ठरतो, आणि पूर्ण भरलेली टाकी ४५ अंशांना दीड हजार पीएसआय सहज ओलांडते. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ती ठेवू नका. टाकी नेहमी वजनाने भरली जाते: २० औंसाच्या टाकीत ५६७ ग्रॅमपेक्षा एक थेंब जास्त नको. रिकाम्या टाकीचं वजन करून ते टाकीवर लिहून ठेवा, म्हणजे भरून आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावरही तपासता येतं. जास्त भरली तर सुरक्षा चकती फुटते आणि गॅस सुसाट बाहेर पडतो. चकती फुटली म्हणून तिच्या जागी जाड पत्रा किंवा नाणं बसवणाऱ्याच्या आसपास थांबू नका.

भराभर मारलं की हा गॅस थंड होतो आणि कधी द्रवच मार्करमध्ये शिरतो. बॅरलमधून पांढरा धूर आणि एखादी गोळी भलतीच वेगात, ही त्याची खूण. थंडीने सील कडक होतात, रेग्युलेटर बाहेरून पांढरा पडतो. उपाय तीन: टाकीत अँटी-सायफन नळी (द्रवाऐवजी वरचा वायू उचलणारी), रिमोट लाइन म्हणजे लांब नळी लावून टाकी पाठीवर उभी ठेवणे, किंवा रेग्युलेटरच्या आधी एक्स्पान्शन चेंबर (द्रवाचा वायू व्हायला जागा देणारी पोकळी). सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) असलेल्या इलेक्ट्रॉनिक मार्करला मात्र हा गॅस लावूच नका.

हवेला ही भानगड नाही. ६८ घन इंच, ४५०० पीएसआयच्या टाकीत ढोबळमानाने हजार गोळ्या निघतात, ४८ घन इंच, ३००० च्या टाकीत पाचशेच्या आत. अडचण भरण्याची आहे. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारपर्यंत जातो, इथे २०० ते ३०० बार लागतात. मालवण-तारकर्ली किंवा गोव्यात स्कूबाच्या टाक्या भरतात ते कॉम्प्रेसर सहसा २०० बारचे, म्हणजे ३००० पीएसआयच्या टाकीला पुरणारे. ४५०० ची टाकी तिथे दोन तृतीयांशच भरेल. भारतात दाबाखालच्या सिलिंडरांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि त्यांचा कारभार नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’ ही संस्था पाहते. भरणारी जागा परवान्याची आहे का आणि टाकीवरचा हायड्रो टेस्टचा (पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीचा) शिक्का मुदतीतला आहे का, हे दोन्ही आधी पाहा. बहुतेक टाक्यांना ही चाचणी दर ५ वर्षांनी लागते.

सामान

इथे हार्डवेअरच्या दुकानात घात होतो. अमेरिकी मार्करचे जोड १/८ इंच एनपीटी (अमेरिकी पाइप मानकाच्या) आट्यांचे असतात, इंचाला २७ आटे. आपल्याकडे सहज मिळतात ते १/८ बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मानकाचे, इंचाला २८. दीड-दोन फेरे दोन्ही एकमेकांत गुण्यागोविंदाने जातात, मग अडकतात. जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे सोलून निघतात आणि रेग्युलेटरचं अंगच वाया जातं. तीच गत नळीची: मॅक्रोलाइन (मार्करसाठीची प्लास्टिकची नळी) १/४ इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. न्यूमॅटिकच्या दुकानातली ६ मिलिमीटरची नळी त्या जोडात घुसते, धरतेसुद्धा, आणि दाब आल्यावर सापासारखी फटका मारत सुटते. शिवाय ती दहा-एक बारसाठी बनवलेली असते. मॅक्रोलाइन नसेल तर स्टीलचं जाळीदार आवरण असलेली होज घ्या, दुसरा पर्याय शोधू नका.

बाकीचं: इंचातल्या अ‍ॅलन कींचा संच (१/८ इंचाच्या जागी ३ मिलिमीटरची की वापरली की कोपरे गोल झालेच म्हणून समजा), दोन पान्हे, निळं थ्रेडलॉकर (आटे चिकटवून सील करणारा द्रव), टाकीच्या तोंडाच्या ०१५ मापाच्या पॉलियुरेथेन ओ-रिंगा चार-पाच, मार्करसाठीचं सिलिकॉन ग्रीस किंवा मॉलिकोट ३३, साबणाच्या पाण्याची बाटली आणि १/८ एनपीटीचं गेज. गेज कामाच्या दाबाच्या साधारण दीड ते दुप्पट पट्ट्याचं घ्या. ४०० वर चालणाऱ्या मार्करला ०–६०० चं योग्य. ०–३००० चं लावलं तर काटा कोपऱ्यात थरथरत राहील आणि २५ पीएसआयचा फरक डोळ्यांना दिसणारच नाही.

ओ-रिंग काळी साधी रबरी नको. कार्बन डायऑक्साइड तिच्यात मुरतो, टाकी काढली की ती फुगते आणि फाटते.

बसवणे

१. बॅरलवर कापडी कव्हर चढवा, हॉपर (गोळ्यांचा डबा) काढा, चेंबरमध्ये गोळी नाही ना ते पाहा. टाकी सोडवताना नजर मानेवर ठेवा: व्हॉल्व्हसकट पूर्ण टाकी फिरली पाहिजे. व्हॉल्व्ह मार्करमध्येच अडकून नुसती बाटली फिरत असेल तर तिथेच थांबा. बाटली व्हॉल्व्हपासून सुटली तर ती तोफेच्या गोळ्यासारखी जाते, अमेरिकेत यात माणसं दगावली आहेत. त्यावरचा दोन रुपयांचा उपाय म्हणजे व्हॉल्व्ह आणि बाटली यांच्या सांध्यावर नेलपॉलिशची आडवी रेघ ओढून ठेवणे. रेघ तुटलेली दिसली की टाकी बाजूला ठेवून जाणकाराकडे न्या.

२. आवाज पूर्ण बंद होईपर्यंत रिकामे बार काढा, म्हणजे गोळी न घालता ट्रिगर दाबत राहा. रेग्युलेटरनंतरच्या भागात गॅस अडकून राहतो.

३. जुन्या जोडांचे आटे दात घासायच्या ब्रशने स्वच्छ करा. नव्या जोडाचा पहिला आटा कोरडा सोडून पुढच्या दोन-तीन आट्यांवर थ्रेडलॉकरचा एक थेंब फिरवा. नळकामातली टेफ्लॉन टेप इथे नको. तिचे तंतू सुटून थेट सीटवर जाऊन बसतात, आणि नवा रेग्युलेटर पहिल्याच दिवशी ‘खराब’ निघतो.

४. हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा, मग पान्ह्याने एक ते दीड फेरा. दिशा पाहा: बहुतेक अंगांवर ‘इन’ आणि ‘आउट’ किंवा बाण कोरलेला असतो. टिपमन ९८ वर पुढच्या मुठीच्या जागी व्हर्टिकल अडॅप्टर बसवून त्यात रेग्युलेटर येतो. ऑटोकॉकरला तो पुढच्या उभ्या तोंडात सरळ जातो.

५. थ्रेडलॉकर रात्रभर वाळू द्या. ‘तासाभरात चालतं’ म्हणणारे लोक असतात. त्यांचे जोड गळतात.

६. रेग्युलेटरचा स्क्रू दाब सर्वांत कमी होईल अशा बाजूला सोडा. बहुतेकांत आत आवळलं की दाब वाढतो, पण सगळ्यांत नाही. मॅन्युअल पाहा, नाहीतर पाव फेरा फिरवून गेज काय म्हणतं ते बघा.

७. टाकी लावून ऑन-ऑफ नॉब अगदी सावकाश उघडा. सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी घाला. बुडबुडे आले तर गॅस बंद, मार्कर रिकामा, मगच पान्हा. दाबाखाली जोड आवळायचा नाही.

८. दाब २०० वर आणा आणि पाच मिनिटं घड्याळ लावून गेजकडे पाहा. काटा जागच्या जागी हवा. १०-२० पीएसआय चढला तर सीट नीट बसलेली नाही. नव्या सीटला कधी कधी वीस-तीस बार मारल्यावर जागा सापडते, तेवढी संधी तिला द्या.

दाब लावणे: टेकडीचा माथा शोधा

ज्या मार्करमध्ये हातोडीसारखा हॅमर व्हॉल्व्हवर आदळून गॅस सोडतो, त्यांत एक गंमत आहे. दाब वाढवत गेलं की वेग वाढतो, पण काही काळच. व्हॉल्व्हला बंद ठेवायलाही तोच दाब मदत करत असतो. तो फार झाला की हॅमरला व्हॉल्व्ह पुरेसा वेळ उघडा ठेवता येत नाही आणि वेग उलट पडायला लागतो. म्हणजे कागदावर काढली तर टेकडी दिसते: चढ, माथा, उतार. खेळाडू ज्याला ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात तो हा माथा.

माथ्यावरच का थांबायचं? कारण तिथे जमीन सपाट असते. दाब दहा-वीस पीएसआय इकडेतिकडे झाला तरी वेग जवळपास हलत नाही. रेग्युलेटर थोडा मध्यम प्रतीचा असला तरी मार्कर एकसारखा चालतो. चढावर थांबलात तर दाब घसरताच वेग घसरेल. उतारावर थांबलात तर त्याहून वाईट: टाकी संपत आली किंवा गॅस थंड झाला, दाब पडला, की वेग *वाढेल*. सकाळी २८५ वर पास झालेला मार्कर दुपारी ३१० मारताना पकडला जातो तो बहुधा यामुळे, आणि मालक शपथेवर सांगत असतो की त्याने स्क्रूला हात लावला नाही. तो खरंच बोलत असतो.

काम क्रोनोच्या, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या, जागीच करायचं. समोर कोणी नको, आसपासच्या सगळ्यांच्या तोंडावर मास्क हवा, कारण शोधताना वेग मर्यादेपलीकडे जाणारच. हॅमरची स्प्रिंग मधल्या ताणावर ठेवा. २०० पीएसआयपासून सुरुवात करा. प्रत्येक पायरीला दोन रिकामे बार, मग तीन गोळ्या, त्यांची सरासरी कागदावर. मग २५ पीएसआय वर. समजा आकडे असे आले: २५० ला २२८, ३०० ला २५७, ३५० ला २७६, ४०० ला २८४, ४२५ ला २८५, ४५० ला २७९. माथा ४०० आणि ४२५ यांच्या मधे कुठेतरी आहे. ४१० वर थांबा.

माथा ३१० एफपीएसवर आला असेल तर दाबाला हात लावू नका. हॅमरची स्प्रिंग अर्धा फेरा सैल करा आणि टेकडी पुन्हा चढा: माथा खाली येतो आणि कमी दाबाकडे सरकतो. २६० वरच संपला तर स्प्रिंग आवळा. दोन-तीन खेपांत मैदानाच्या मर्यादेच्या दहा एफपीएस खाली माथा आणता येतो.

एक सवय लावून घ्या. बहुतेक रेग्युलेटर जादा दाब आपण होऊन बाहेर सोडत नाहीत. स्क्रू सैल केला तरी पुढे अडकलेला गॅस तिथेच असतो, म्हणून काटा हलत नाही आणि माणूस अजून सैल करत सुटतो. दाब कमी करताना गरजेपेक्षा थोडा जास्त उतरवा, पाच-सहा रिकामे बार काढा आणि खालून वर चढत हव्या आकड्यावर या. सेटिंग नेहमी खालून.

स्पूल मार्करला टेकडी नसते. तिथे रेग्युलेटर हाच वेगाचा स्क्रू. एक-अष्टमांश फेरा, दोन रिकामे बार, तीन गोळ्या, पुन्हा मोजणी. टिपमन ९८ वर डावीकडे वेगाचा वेगळा स्क्रू आहे, आत आवळला की वेग कमी होतो. त्यावर रेग्युलेटर लावला असेल तर ८०० वरून २५-२५ ने खाली उतरा. दाब फार उतरला की बोल्ट (गोळी बॅरलमध्ये ढकलणारा दांडा) पूर्ण मागे जाऊन अडकत नाही आणि ट्रिगर एकदाच दाबूनही मार्कर धडाधड सुटत राहतो. त्या आकड्यापेक्षा १०० पीएसआय वर ठेवा आणि बाकीचा वेग डावीकडच्या स्क्रूने आणा.

ऑटोकॉकरच्या पुढच्या तोंडावर आणखी एक छोटा रेग्युलेटर असतो, एलपीआर, म्हणजे कमी दाबाचा रेग्युलेटर. तो गोळी मारत नाही, फक्त पुढच्या रॅमला (छोट्या पिस्टनला) हवा देऊन बोल्ट मागे-पुढे करतो. ६० ते ९० पीएसआय पुरतात. पूर्ण सैल करून पाव-पाव फेऱ्याने वाढवा. मार्कर दहापैकी दहा वेळा नीट कॉक झाला की आणखी पाव फेरा, आणि बस. जास्त ठेवलात तर बोल्ट गोळ्या चिरडतो आणि बारीक नळ्या जोडांच्या खाचदार टोकांवरून उडतात.

लक्षण आणि कारण

रेग्युलेटरला दोष देण्याआधी गोळ्या तपासा. जिलेटिनचं कवच पावसाळ्यात ओल धरतं, गोळी फुगते, एक बॅरलमध्ये अडखळते, दुसरी लोळत जाते. अशा गोळ्यांवर जगातला कोणताही रेग्युलेटर सारखा वेग देणार नाही. पिशवी हवाबंद ठेवा. बॅरलमध्ये गोळी ठेवून तोंडाने फुंका: ती किंचित अडून मग निघाली पाहिजे. आपोआप घरंगळत असेल तर बॅरल मोठी आहे. चांगल्या गोळ्यांवर दहा बारांचा फरक सरासरीच्या पाच एफपीएस वर-खाली आला तर रेग्युलेटर उत्तम आहे.

मिनिटभर थांबल्यावरची पहिली गोळी जोरात, पुढच्या नीट? दाब चढतोय. सीट घाण किंवा झिजलेली आहे. गेज लावून पाच मिनिटांची परीक्षा पुन्हा घ्या.

पहिली गोळी २८५, भराभर मारताना सहावी २५५? रेग्युलेटर भरायला उशीर करतोय. बाहेरून आत या: टाकीचा नॉब पूर्ण उघडा आहे का (हे कारण हसण्यावारी नेऊ नका, निम्म्या वेळा हेच असतं), होज कुठे मुडपली आहे का, टाकीच्या तोंडाची पिन पूर्ण दाबली जातेय का, मग जाळी, आणि शेवटी रेग्युलेटर.

रिकाम्या बारावर काटा खाली जाऊन झटकन मूळ जागी यायला हवा. आळसावून, रेंगाळत आला तर पिस्टनला ग्रीस हवंय. मूळ जागेच्या वर उडी मारून मग खाली आला तरी तेच.

स्क्रूच्या भोकातून हवा येत असेल तर पिस्टनची ओ-रिंग गेली. बॅरलमधून सतत सुस्कारा येत असेल तर रेग्युलेटरशी संबंध नाही, मार्करचा व्हॉल्व्ह किंवा बोल्टच्या ओ-रिंगा पाहा. टाकीच्या तोंडाशी गळती असेल तर ०१५ बदला.

सफाई

आठवडी खेळणाऱ्याने दोन-तीन महिन्यांनी, भाड्याच्या मार्करांचा ताफा सांभाळणाऱ्याने महिन्याला रेग्युलेटर उघडावा. आधी टाकी काढा, रिकामे बार काढा, गेज शून्यावर आलंय हे पाहा आणि स्क्रू पूर्ण सैल करा. पांढरा कपडा अंथरा. चकत्यांची थप्पी काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या: कोणती चकती पालथी, कोणती उताणी, हा क्रम म्हणजेच स्प्रिंगची ताकद. एक उलटी बसली तरी पट्टा बदलतो आणि स्क्रू कितीही फिरवून हवा तो दाब येत नाही. किती चकत्या आहेत तेही मोजून लिहा.

ओ-रिंग टाचणीने काढू नका, खोबणीला चरा पडला की नवी ओ-रिंगही गळेल. बांबूची दातकोरणी घ्या. पेट्रोल, थिनर लांब ठेवा, युरेथेन त्याने खराब होतं. कोमट साबणाचं पाणी आणि कोरडा कपडा पुरतो. सीटवर अंगठीसारखा खोल ठसा उमटला असेल तर ती बदला. काही सीट दोन्ही बाजूंनी चालतात, उलटून बसवता येतात. ग्रीस फक्त ओ-रिंगवर चमक येण्याइतकं. सीटवर अजिबात नाही, तिथे ते धूळ धरून बसतं. कार्बन डायऑक्साइडवरच्या टिपमनला तोंडात तेलाचे दोन-चार थेंब लागतात, पण तोच मार्कर इनलाइन रेग्युलेटर लावून चालवत असाल तर तेल रेग्युलेटरच्या पुढच्या बाजूला द्या, आधी नाही.

हवेच्या टाकीच्या भरण्याच्या निपलला मात्र तेल किंवा ग्रीस कधीच लावायचं नाही, बोटाला लागलेलंसुद्धा नाही. ३००० पीएसआयची हवा झपाट्याने शिरली की ती तापते, आणि डिझेल इंजिनात होतं तसं ते तेल पेटू शकतं. भरताना याच कारणाने घाई नको. सावकाश भरा, नाहीतर गरम हवेने ४५०० दाखवलेली टाकी थंड झाल्यावर ४००० वर येते आणि खेळाच्या मधेच पाचशे पीएसआयची उणीव जाणवते. निपलवर टोपी ठेवा. मैदानातली लाल माती तिथून आत गेली तर टाकीच्या रेग्युलेटरची सीट सर्वांत आधी खाते, आणि तो रेग्युलेटर घरी उघडायचा नसतो.